मागची गाडी

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी नाद लागतो. कोणी पहाटे चालायला जातो, कोणी देवळाच्या जीर्णोद्धार समितीत घुसतो. मला नवीन नाद लागायची गरज पडली नाही, कारण माझा नाद मी नोकरीतूनच घरी घेऊन आलो होतो. दुसऱ्याला किती उशीर झाला हे लिहून ठेवायचं, हा तो नाद.

मी आप्पा शिगवण. एस.टी.त अकरा वर्षं कंडक्टर होतो आणि पुढची वीस वर्षं वाहतूक नियंत्रक. वाहतूक नियंत्रक म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हे नोंदवणारा माणूस. त्या वीस वर्षांत मी एकही गाडी चालवली नाही, एकही ढकलली नाही, पण उशीर मात्र एकाही गाडीचा सोडला नाही. रजिस्टरात शेवटचा रकाना असायचा, 'उशिराचे कारण'. ड्रायव्हर सांगेल ते मी तिथे लिहायचो आणि त्यावर विश्वास ठेवायचो नाही. घाटात दरड आली म्हणाला, की मी मनात म्हणायचो, चहाला थांबला असशील. आमच्या लग्नाचा मुहूर्त चार मिनिटांनी टळला हे मी अजून लोकांना सांगतो. तो माझ्यामुळेच टळला होता, हे बायको सांगते.

असल्या माणसाच्या ताब्यात आगीचा बंब देऊ नये. पण दिला. आमच्या गावची नगरपंचायत झाली आणि दोन वर्षांनी शासनाकडून एक कोरा लाल बंब आला. त्याला हार घातले, नारळ फोडले, सगळ्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. बंबाबरोबर एक कागदही आला होता. अग्निशमन सेवेचं काम नीट चाललंय की नाही हे बघायला एक देखरेख समिती नेमा आणि तिच्यात एक नागरिक प्रतिनिधी घ्या, असं त्यात म्हटलं होतं. डॉक्टरांनी वेळ नाही म्हणून सांगितलं, हेडमास्तरांनी गुडघे पुढे केले. मी त्या दिवशी रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार घेऊन गेलो होतो. मुख्याधिकारी साहेबांनी विचारलं, "आप्पा, तुम्हाला वेळ असतो का हो?" मी मनगटावरचं घड्याळ त्यांच्या टेबलावर टेकवलं. देखरेख समितीत बाकीची नावं कागदावर होती, प्रत्यक्षात समिती म्हणजे मी आणि माझं रजिस्टर.

बंबाचा प्रमुख आणि ड्रायव्हर एकच माणूस होता, नझीर मुकादम. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला. बारा वर्षं कुवेतला एका तेलाच्या कंपनीत आग विझवायच्या पथकात काढलेली. वडील गेले, आई हमिदाचाचीची नजर गेली, तेव्हा तो सगळं सोडून परत आला आणि अकरा महिन्यांच्या करारावर इथे लागला. हमिदाचाचीला दिसत नसे, पण बंबाचा भोंगा वाजला की ती ओटीवर येऊन बसायची. भोंगा परत येताना ऐकला की आत जायची. करार एकतीस मार्चला संपायचा आणि तो वाढवायचा की नाही हे देखरेख समितीच्या अहवालावर ठरायचं. म्हणजे माझ्यावर. वाढला नाही तर सेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा कुवेत, एवढाच रस्ता त्याच्यापुढे होता. हे मला माहीत होतं. माहीत असून मी रोज रुबाबात लाल पेन खिशाला लावून बंबाच्या शेडमध्ये जात होतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

रजिस्टर मी एस.टी.च्याच नमुन्यावर आखलं. वर्दी कधी मिळाली, बंब कधी सुटला, कधी पोचला, उशीर किती, उशिराचे कारण. आग लागल्याचा निरोप आला की त्याला हे लोक वर्दी म्हणतात. मी सुरुवातीला त्याला फेरी म्हणायचो. बंबावरच्या दोन फायरमननी मला दोनदा सुधारलं आणि मग तेही फेरी म्हणायला लागले.

सुटण्यात नझीर एक नंबर होता. वर्दी आल्यापासून दोन मिनिटांच्या आत बंब फाटकाबाहेर. पण पोचायला उशीर व्हायचा. बाजारात कुठे शॉर्ट सर्किट झालं, विहिरीत गाय पडली, तर वेळेवर. सड्यावर वणवा लागला की हटकून पाच-सहा मिनिटं जास्त. आमच्याकडे गावाच्या डोक्यावर कातळाचा सपाट सडा आहे. पावसाळ्यात तिथे कमरेइतकं गवत वाढतं आणि दिवाळी सरली की ते असं वाळतं की बिडीचं थोटूक पुरे होतं. गवताच्या मधे मधे लोकांच्या काजू-आंब्याच्या बागा, भोवती गडगे, म्हणजे चिरे रचून केलेल्या बुटक्या भिंती. म्हणजे वर्षातल्या निम्म्या वर्द्या सड्याच्या, आणि त्या सगळ्या लेट. उशिराच्या कारणात नझीर लिहायचा, 'वाटेत थांबलो'. बस, एवढंच. का थांबलास, असं मी त्याला एकदाही विचारलं नाही. विचारणं हे नियंत्रकाचं काम नव्हे, असं मी मानत आलो होतो. लिहिणं हे काम.

जानेवारीत मात्र मी ठरवलं की याचा छडा लावायचा. सड्यावरची वर्दी आली, तसा मी स्कूटर काढून बंबाच्या मागे लागलो. वरच्या वाडीच्या फाट्याला एक पिकअप शेड आहे, एस.टी.ची वाट बघायला बांधलेली. बंब तिथे थांबला. शेडमधून नऊ माणसं बाहेर आली. पुढे बाबल्या, पन्नाशीचा, वाडीचा कारभारी. मागे पाच पुरुष आणि तीन बायका. त्या बायकांत सोनूबाई होती, साठीची विधवा, सड्यावर तिची काजूची बाग आहे. सगळ्यांच्या हातात जांभळीचे हिरवे टहाळ, कोणाकडे कोयती. एकमेकांना हात देत ती सगळी बंबावर चढली आणि बंब निघाला.

आता दुसऱ्या कोणीही माणसाने विचार केला असता, की आगीकडे चाललेल्या बंबावर ही माणसं का चढली असतील. मी तसा विचार केला नाही. माझ्या नोकरीभर माझा एकच वैरी होता, तो म्हणजे वडाप. स्टँडच्या बाहेर उभ्या राहून आमचे प्रवासी पळवणाऱ्या, कोंबून भरलेल्या त्या खासगी जीपा. मला वाटलं, हा माणूस सरकारी बंबावर वडाप चालवतोय. टहाळ मला शेळ्यांसाठी नेत असल्यासारखे वाटले. मी स्कूटर झाडाआड लावून रजिस्टरात लिहिलं: 'थांबा साडेचार मिनिटे. प्रवासी नऊ. सामान: पाला.' ती माणसं पुढे कुठे उतरतात हे बघायला मी गेलोच नाही. पुरावा मिळाला, आणि चहाची वेळ झाली होती.

मी मुख्याधिकारी साहेबांच्या सहीने एक आदेश काढायला लावला. सही त्यांची, भाषा माझी. 'सदर वाहन विनाथांबा मार्गक्रमण करील. वाहनात कर्मचाऱ्यांखेरीज कोणासही बसवू नये. उल्लंघन झाल्यास कराराच्या नूतनीकरणाचा विचार होणार नाही.' शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं होतं. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू.

नझीरने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

"आप्पा, एकदा माझ्यासंगती चला सड्यावर," तो म्हणाला. "मंग काय ता लिवा."

"येणारच आहे," मी म्हटलं. "घड्याळ लावून."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वर्दी आली. दुपारचे दोन चाळीस. सोनूबाईच्या बागेच्या खालच्या अंगाला वणवा, वारा बागेच्या दिशेचा. मी बंबातच होतो, नझीरच्या शेजारी, डाव्या खिडकीला, मांडीवर रजिस्टर. भोंगा सुरू झाला तेव्हा मला इतक्या वर्षांनी पुन्हा आपण गाडीत बसलोय, खिडकीत नाही, याचा लहान पोरासारखा आनंद झाला.

फाट्याला ती नऊ माणसं उभी होती. या वेळी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, धूर बघून आपणच आली होती. सगळ्यांत पुढे रस्त्यात सोनूबाई. तिने हात केला, गाडीला करतात तसा, खांद्यापासून आडवा. नझीरचा पाय ब्रेकवर गेला. बंब हळू झाला.

"थांबायचं नाही," मी म्हटलं. "आदेश आहे."

नझीरने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली. आणि मी, अकरा वर्षांच्या सवयीने, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पंजा मागच्या दिशेने दोनदा हलवला. भरलेल्या गाडीचा कंडक्टर थांब्यावरच्या माणसांना करतो तो हात. मागून गाडी येतेय, ती घ्या. केलं तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही की मी काही केलं. पाय आपोआप चपलेत जातो, तसा हात गेला.

दोन एक्कावन्नला आम्ही सड्यावर पोचलो. अकरा मिनिटं. सड्याच्या वर्दीतली ही आमची सगळ्यात चांगली वेळ होती.

"शाब्बास," मी म्हटलं. नझीर गाडीतून उतरून आगीकडे बघत होता.

रस्ता तिथे संपत होता. पुढे तीन गडगे आणि त्यांच्यापलीकडे आगीची एक लांबलचक ओळ, गवतातून तडतडत सोनूबाईच्या बागेकडे सरकत होती. बंबाचा पाइप दुसऱ्या गडग्यापर्यंत पोचला आणि संपला. पाणी जेमतेम तिच्या गोठ्यापर्यंत जात होतं. गोठ्यात दोन बैल बांधलेले. नझीरने दोघा फायरमनना गोठा भिजवायला उभं केलं आणि पंपापाशी आला.

"बाकीची आग?" मी विचारलं.

"आप्पा, सड्याचा वणवा पान्यान् नाय विजत. मानसान् विजतो. वळीन उबी ऱ्हातात आनि टहाळान् दाबीत म्होरं जातात."

"मग ती माणसं कुठायत?"

"शेडवर," नझीर म्हणाला.

त्याने ते शांतपणे सांगितलं. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. फोन लावून बघितला, सड्यावर रेंज नव्हती. बंब परत न्यावा तर गोठ्यावरचं पाणी बंद होणार. मी म्हटलं, येतीलच पाखाडीने, चिऱ्यांच्या पायऱ्यांची ती वाट सरळ वर येते. अर्ध्या तासात आली पाहिजेत. तोवर मी आहे.

आणि मी जांभळीची एक फांदी मोडून आगीवर धावलो. सोनूबाईची बाग जळताना बघून मला राहवलं नाही, हे खरं आहे, पण त्यापुढचं सांगायला लाज वाटते. टहाळ आगीवर दाबायचा असतो, घासत न्यायचा असतो. मी गादी झोडावी तशी आग झोडली. प्रत्येक फटक्याला ठिणग्या उडत होत्या आणि माझ्या पाठीमागे जाऊन पडत होत्या. थोड्या वेळाने मला पाठीला ऊब लागली म्हणून वळून बघितलं, तर मागचं गवत पेटलं होतं आणि माझ्या पँटचा पायही. नझीर गडग्यावरून उडी मारून आला, मला काखेत धरून ओढत नेलं आणि पाइपाखाली उभं केलं. गोठ्यासाठीचं पाणी दोन मिनिटं देखरेख समितीवर खर्च झालं.

माणसं तीन पस्तीसला आली. धापा टाकत पाखाडीने वर आली आणि श्वास न घेता एका ओळीत उभी राहिली. बाबल्या एका टोकाला, सोनूबाई मधे. वीस मिनिटांत त्यांनी आग दाबत दाबत कातळापर्यंत नेली आणि तिथे ती मेली. माझ्या हातून अर्ध्या तासात जे वाढलं, ते त्यांनी वीस मिनिटांत संपवलं. गोठा वाचला, बैल वाचले. साठ काजूंतले बेचाळीस गेले. झाडांवर बोंडं लागलेली होती, ती भाजून काळी पडली होती आणि सगळीकडे काजूच्या तेलाचा उग्र वास सुटला होता.

सोनूबाई एका झाडाच्या बुंध्याला हात लावून बघत होती. मी तिच्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तीच बोलली.

"आप्पा, मी हात केलेला."

"हो," मी म्हटलं.

"तुमी हात दाखवलाव, मागून येतेय म्हनून. आमी थांबलाव. बाबल्या बोलत व्हता, चला पाखाडीन जाव, तर मीच बोल्ले, आप्पांनी हात दाखवलान हाय, दुसरा बंब येत आसंल. पाव तास थांबलाव आमी." ती रडत नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "मागची गाडी कंची व्हती, आप्पा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं मी लोकांच्या एकाही कारणावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्या त्या हातावर त्या बाईचा एवढा विश्वास होता, की स्वतःची बाग जळत असताना ती शेडमध्ये उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बंबाच्या शेडमध्ये जाऊन मी रजिस्टर उघडलं. नझीरने नियमाप्रमाणे नोंद केली होती. सुटला दोन बेचाळीस, पोचला दोन एक्कावन्न, उशीर नाही. कारणाचा रकाना कोरा. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कागदावर बघाल तर वर्षातलं सगळ्यात उत्तम काम त्या दिवशी झालं होतं.

मार्चअखेरीच्या बैठकीत मुख्याधिकारी साहेबांनी तीच नोंद वाचून दाखवली. "अकरा मिनिटं! आप्पा, तुमच्या देखरेखीचा परिणाम दिसतोय."

"दिसतोय साहेब," मी म्हटलं. "बेचाळीस झाडं."

मग मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि कोऱ्या रकान्यात, सगळ्यांसमोर, लाल पेनाने लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. 'आग विझवणारी माणसे चव्वेचाळीस मिनिटे उशिरा पोचली. कारण: समिती सदस्य आप्पा शिगवण यांनी त्यांना घेऊ दिले नाही व मागून गाडी येत असल्याचा हात दाखवला. मागून गाडी नव्हती.'

साहेबांचा चेहरा पडला. "हे लिहायलाच हवं का?"

"रकाना आहे साहेब," मी म्हटलं. त्या एका रकान्यात आजवर मी हजारो लोकांची कारणं लिहिली होती. खरं वाटावं असं हे पहिलंच होतं.

अहवालात मी दोन गोष्टी मागितल्या. नझीर मुकादम यांचा करार वाढवावा, आणि वरच्या वाडीच्या फाट्यावर बंबाचा थांबा मंजूर करावा. त्या नऊ जणांची नावं स्वयंसेवक म्हणून लागली. मी राजीनामाही दिला होता. तो परत आला, कारण दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता.

नझीरला करार वाढल्याचा कागद मीच नेऊन दिला. तो आभार मानेल असं मला वाटलं होतं, बघा, एवढं होऊनही वाटलं होतं. त्याने कागद बाजूला ठेवला.

"आप्पा, माझा पाय ब्रेकवर व्हता," तो म्हणाला. "थांबू शकत व्हतो मी. कुवेतला सायेबाचा आदेश मोडून पन गाडी थांबवलेली हाय मी. पन ह्या टायमाला मार्च म्हैना व्हता. करार आठावला."

 त्याला तो करार कोणी आठवायला लावला होता हे आम्हा दोघांना माहीत होतं.

पावसाळ्यात सोनूबाईच्या बागेत नवी कलमं लावायची होती. मी न बोलावता गेलो. तिने मला खड्डे खणू दिले. बोलली मात्र नाही. कातळात दिवसभर घाम गाळून मी तीन खड्डे खणले, त्यांतले दोन बाबल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा खोल केले. पुढेही चार-पाच वेळा गेलो. ती चहा द्यायची, कप समोर ठेवायची आणि आत जायची. तिचं बरोबर होतं.

डिसेंबरात सड्यावर पुन्हा वर्दी आली. मी तेव्हा बाजारातून येत होतो. म्हटलं, आता खिडकी पुरे, आपणही टहाळ घेऊन फाट्यावर उभं राहावं. बाबल्याने मला दाबायचं कसं ते शिकवलं होतं. पण वाटेत टहाळ तोडण्यात मला फाट्यावर पोचायलाच उशीर झाला. मी वळणावर होतो तेव्हा नऊच्या नऊ माणसं चढून बंब सुटला होता. मी पिशवी टाकली, रस्त्यात आलो आणि हात केला, खांद्यापासून आडवा.

बंबाच्या मागच्या बाजूला सोनूबाई उभी होती. तिने मला बघितलं. तिने एक हात दांडीला धरला, दुसरा बाहेर काढला आणि पंजा मागच्या दिशेने दोनदा हलवला.

बंब गेला. मी खुळ्यासारखा एकदा मागे वळून रस्ता बघितलासुद्धा. मग टहाळ खांद्यावर टाकला आणि पाखाडी चढायला लागलो. सहासष्टाव्या वर्षी ती पाखाडी अर्ध्या तासात चढता येत नाही. चाळीस मिनिटं लागली, दोनदा बसलो. वर पोचलो तेव्हा आग विझली होती आणि सगळे गडग्यावर रांगेने बसले होते. नझीर पाइप गुंडाळत होता. माझा टहाळ वाटेतच सुकून गेला होता.

सोनूबाईने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"काय आप्पा," ती म्हणाली, "मागची गाडी गावली काय?"

सगळे हसले. नझीर पाइप सोडून हसला. मीही हसलो आणि मग पाणी पिताना मला रडू आलं, कारण मार्चनंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

खाली आल्यावर नझीरने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. बंब वेळेवर, माणसं वेळेवर. मी खाली आणखी एक ओळ ओढली. आप्पा शिगवण, उशीर पस्तीस मिनिटे. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चालत आलो.'